गाडी भंगारात गेली, पण आरसीवर नाव कुणाचं?

अपघात होतो. अल्लाहच्या मेहेरबानीने माणसं वाचतात, गाडी मात्र चेपून जाते. क्रेनवाला ती उचलून गॅरेजला नेऊन टाकतो. दोन दिवसांनी गॅरेजवाला सांगतो, "सर, हिच्यात आता दम नाही. एक पार्टी आहे, पन्नास हजार देते. फक्त आरसी आणि सह्या केलेले फॉर्म द्या, बाकीचं ते बघून घेतील." घरातले आधीच हादरलेले असतात, दवाखान्याचं बिल डोक्यावर असतं. पैसे हातात पडतात, गाडी टेम्पोवर चढून जाते आणि घरचे म्हणतात, चला, बला टळली.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मराठीतला अर्ज लिहायचा असला, सरकारी कागद वाचून घ्यायचा असला की मोहल्ल्यातले लोक आमच्याकडे येतात. गाडीचे कागद घेऊन येणाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. गाडी कापून लोखंड वितळवायचं असेल, तर घेणाऱ्याला आरसी कशाला हवी? लोखंडाला नंबर लागत नाही, पत्र्याला मालकाचं नाव लागत नाही.

आरसी लागते ती दुसऱ्याच कामासाठी. हा जुना धंदा आहे आणि पोलिसांच्या तपासांत वारंवार समोर आलेला आहे. चेपलेल्या गाडीची आरसी आणि तिच्या चेसिस नंबरचा तुकडा कापून ठेवतात. मग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिच्यावर हा नंबर चढवायचा आणि तुमच्या आरसीवर ती विकायची किंवा फिरवायची. कागद अस्सल, गाडी चोरीची. मेरठचा सोतीगंज बाजार अशाच चोरीच्या गाड्यांमुळे बदनाम झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तो बंद पाडला. त्या गाडीने कुणाला उडवलं किंवा ती एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीस नंबर टाकतात आणि नाव कुणाचं येतं? ज्यांनी बला टळली म्हणून श्वास सोडला होता, त्यांचंच. आपल्या घरांत पोलिसांचा साधा फोन आला तरी रात्रीची झोप उडते, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी तुम्ही निर्दोष ठराल, हे खरं. पण चौकशी, चकरा, वकील हे सगळं तोवर भोगावं लागतं. नुकसानभरपाईच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट केलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणात गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, तरी आरसीवरचं नाव पहिल्याचंच राहिलं होतं. "मी तर केव्हाच विकली" हे उत्तर चाललं नाही.

म्हणून आधी नाव काढायचं, मग गाडी सोडायची. उलटं करायचं नाही.

कायदा यासाठी सरळ वाट देतो, फक्त ती कुणी सांगत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५५ म्हणतं की वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आपल्या भागातल्या आरटीओला कळवायचं आणि आरसी परत करायची. मग आरटीओ नोंदणी रद्द करतं. म्हणजे ही काही मेहेरबानी मागायची नाही, कळवणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. अर्जाच्या आधी थकलेला कर आणि ई-चलान भरून टाका, नाहीतर फाईल पुढे सरकत नाही. आणि अर्ज होईपर्यंत गाडी कापू देऊ नका. तपासणीसाठी गाडी किंवा चेसिस नंबरचा तुकडा मागितला जातो. तो भंगारवाल्याकडे गेला की मग शोधत बसावं लागतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि चेपलेली गाडी चारही बाजूंनी दिसेल असे फोटो मोबाईलमध्ये नव्हे, छापून ठेवा.

आता विम्याचं बघू, कारण खरा पैसा तिथेच असतो आणि खरी घाईही तिथेच होते.

तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, तो विषय संपला. पूर्ण विमा असेल तर पॉलिसीवर आयडीव्ही नावाची रक्कम लिहिलेली असते, म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांहून जास्त निघाला तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. समजा आयडीव्ही ४ लाख आहे आणि गॅरेजचा अंदाज ३ लाख २० हजार निघाला. ४ लाखांचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख, अंदाज त्याच्या वर गेला, म्हणजे टोटल लॉस. आता सांगाडा राहिला. त्याला खरेदीदार ९० हजार देतो असं धरा. सांगाडा कंपनीने सांगितलेल्या खरेदीदाराला दिला तर खरेदीदाराचे आणि कंपनीचे मिळून तुम्हाला साधारण ४ लाख मिळतात, त्यातून पॉलिसीत लिहिलेली छोटी वजावट जाते. सांगाडा स्वतःकडे ठेवला तर कंपनी ३ लाख १० हजारांच्या आसपास देते आणि सांगाड्याचं पुढे काय ते तुमचं तुम्ही बघायचं. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचा पैसा आधी बँकेकडे जातो, उरला तर तुमच्याकडे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

याच टप्प्यावर तुमच्यापुढे कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा येतो. फॉर्म २८, २९, ३०, सगळ्यांवर 'इथे सही करा' अशी पेन्सिलची खूण. आमचं म्हणणं असं की कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना, फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हीत घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख स्वतःच्या हाताने भरा, मग सही करा. त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घ्या. वेगळ्या कागदावर 'वाहन अपघातग्रस्त व निकामी अवस्थेत ताब्यात दिले' असं लिहून तारीख आणि वेळ टाका, दोघांच्या सह्या घ्या. विमा कंपनीलाही लेखी विचारा की नोंदणी कोण रद्द करणार आणि त्याची प्रत आम्हाला कधी मिळणार. तोंडी 'होऊन जाईल' यावर थांबू नका.

कुणी गाडी दुरुस्त करून चालवायलाच घेत असेल, तर तो भंगाराचा नाही, साध्या विक्रीचा व्यवहार. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. घेणारा त्याचं काम करील याची वाट न बघता तुम्ही तुमचं कळवून टाका. जुन्या गाड्यांचा अधिकृत डीलर असेल तर २०२३ पासून त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद होते आणि तेव्हापासून जबाबदारी त्याची. कोपऱ्यावरचा एजंट म्हणजे अधिकृत डीलर नव्हे.

सगळ्यात साफ मार्ग म्हणजे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही केंद्रं चालतात. तिथे आरसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक द्यायचा. गाडीवर कर्ज नाही, ती चोरीची नाही, पोलिसांच्या यादीत नाही हे केंद्र स्वतः तपासतं. गाडी जमा झाली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि कापून झाली की 'सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग'. पहिला कागद म्हणजे गाडी घेतली, दुसरा म्हणजे गाडी संपली. लोक पहिलाच घेऊन समाधानाने घरी येतात, दुसरा मागायला विसरतात. पहिल्या कागदावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि वाहन करात सवलत मिळते. खासगी गाडीसाठी केंद्राने सवलतीची मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत ठेवली आहे, प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. तुम्हाला गाडी घ्यायची नसेल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावे करता येतं. भाव मात्र मोहल्ल्यातल्या भंगारवाल्यापेक्षा कमी मिळू शकतो, कारण इथे स्पेअर पार्टचा नाही, मुख्यतः वजनाचा हिशोब असतो. पाच-दहा हजारांसाठी आपण कुठली जोखीम घेतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत गॅरेज, भंगार आणि स्पेअर पार्टच्या कामात आपल्याच घरांतली मुलं आहेत आणि त्यातली बहुतेक घामाची कमाई खातात. त्यांच्यावर शंका घ्या असं आम्ही म्हणत नाही. उलट नोंदणी रद्द झाल्याचा कागद त्यांनाही वाचवतो. पोलीस दुकानात येऊन 'हे इंजिन कुठून आलं' असं विचारतात, तेव्हा दाखवायला काही असलं पाहिजे. आपल्या दुकानदारांनीच हा कागद मागायची सवय लावली तर गिऱ्हाईक आपोआप सुधारेल.

अपघाताचा गुन्हा दाखल असेल तर गाडी पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून उभी राहते. ती कोर्टातून सुपुर्दनाम्यावर सोडवता येते. पण सुपुर्दनाम्याच्या बाँडवर बहुधा 'विकणार नाही, स्वरूप बदलणार नाही' अशी अट असते. गाडी दारात आली म्हणजे आपली झाली असं समजून ती भंगारात देऊ नका. आधी कोर्टाची परवानगी घ्या.

सगळ्यात अवघड कागद त्या घरातले, जिथे गाडीबरोबर गाडीचा मालकही गेला. मय्यतच्या घरात गाडीचं नाव काढायला कुणाचं मन धजत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दूरचा नातेवाईक सांगाड्याचा सौदा करून टाकतो. नियम असा आहे की मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मगच तो वारस गाडीचा निकाल लावू शकतो. मरहूमच्या नावाने फॉर्मवर दुसऱ्याने सही करणं हा सरळ गुन्हा आहे, कितीही चांगल्या नियतीने केला तरी.

आणि हे लक्षात ठेवा. मालक स्वतः गाडी चालवत असेल, लायसन्स चालू असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल, तर मृत्यूनंतर वारसांना १५ लाख रुपये मिळू शकतात. गाडीच्या नुकसानीपेक्षा हा दावा वेगळा. पन्नास हजारांचा सांगाडा विकून पॉलिसी कचऱ्यात टाकणाऱ्या घरांना हे माहीतच नसतं. इद्दतमध्ये बसलेल्या बाईला हे कोण सांगणार? तिच्या भावाने, दिराने पॉलिसीची पानं उलटून बघावीत.

सांगाड्याचे पैसे हा तरका आहे, हेही सांगून ठेवतो. ज्याच्या नावे आरसी झाली तो एकटा मालक झाला असं नाही. कर्ज फेडून जे उरेल त्यात मुलं असलेल्या बेवाचा आठवा हिस्सा, आई हयात असेल तर तिचा सहावा, बाकी मुलामुलींचा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, त्याने आरटीओतलं काम सोपं होतं, पण त्याने वारसांचे हिस्से बदलत नाहीत.

अर्ज कसा लिहायचा हे बरेच जण विचारतात, म्हणून मजकूर देतो. वर 'प्रति, प्रादेशिक परिवहन अधिकारी' आणि गावाचं नाव. विषय, 'अपघातात निकामी झालेल्या वाहनाची नोंदणी रद्द करण्याबाबत'. खाली:

'महोदय, माझ्या मालकीची मोटारकार, नोंदणी क्रमांक अमुक, चेसिस क्रमांक अमुक, इंजिन क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी झालेल्या अपघातात पूर्णपणे निकामी झाली असून ती वापरण्यायोग्य राहिलेली नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५५ नुसार सदर वाहनाची नोंदणी रद्द करून तसे मला लेखी कळवावे, ही विनंती. सोबत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, वाहनाचे फोटो व पोलीस पंचनाम्याची प्रत जोडली आहे.'

आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार देऊन तिचा दाखला जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख घेऊन या. फास्टॅग ज्या बँकेचा असेल तिथे कळवून बंद करा, नाहीतर स्टिकर दुसऱ्या काचेवर आणि टोल तुमच्या खात्यातून. महिन्याभराने एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. नोंदणी अजून चालू दिसत असेल तर शिक्क्याची प्रत घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर जा.