फुरसत इंजिनाला मानवत नाही

लखनऊहून रायबरेलीच्या पुढे गेलं की फुरसतगंज लागतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी तिथलीच. लहान विमानाच्या इंजिनाची इथली हवा चांगलीच परीक्षा घेते. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर आणि जानेवारीच्या पहाटे ७-८ वर, त्यात दाट धुकं. इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचा तेलाचा तक्ता १५ अंशांच्या वर जाड ‘डब्ल्यू १००’ चालवतो, तर ० ते ३२ अंशांत त्याहून पातळ ‘डब्ल्यू ८०’. म्हणजे ऋतूगणिक तेल बदला, नाहीतर बारमाही १५डब्ल्यू-५० घाला. (दोन्हीकडचा ‘डब्ल्यू’ एक नव्हे. आधीचा सांगतो की तेलात मळ तरंगत ठेवणारं, जळून राख न उरणारं द्रव्य आहे, नंतरचा हिवाळ्याचा.) रोज उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला बारमाही तेलच बरं, कारण थंडीत घट्ट झालेलं तेल भागांपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज नेमकी तेवढ्यात होते.

यावर जुने मेकॅनिक म्हणतील, जाड तेल भागांना धरून राहतं, उभ्या विमानाला तेच बरं. म्हणणं खोटं नाही. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की तिथलं तेल निथळतं आणि गंज पहिल्यांदा तिथंच धरतो. पण निथळायचं ते जाड तेलही निथळतंच, फक्त सावकाश. धुक्याच्या दिवसांत जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन फिरवण्याचा उपाय तर उलटाच बसतो. तेल साधारण ८२ अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्यातलं पाणी उडत नाही, वर ज्वलनाचं पाणी मात्र त्यात मिसळतं. मोटारीचं महागडं सिंथेटिक घालावं, तर त्यातली धातुयुक्त द्रव्यं जळून राख सोडतात आणि विमानाच्या पेट्रोलातलं शिसं निराळंच. मोबिल एव्ही-१ हे तर खास विमानासाठीचं पूर्ण सिंथेटिक तेल, तरी शिशाचा गाळ साचू लागल्याने १९९० च्या दशकात ते बाजारातून काढावं लागलं.

तेव्हा डब्यावरच्या नावापेक्षा विमान किती उडतं, हे महत्त्वाचं. अकादमीला आपल्या गोंदियातून आणि कलबुर्गीतूनही प्रशिक्षणाची परवानगी मिळाली ती उड्डाणाचे तास वाढावेत म्हणून. इंजिनातल्या तेलालाही ते मानवणारंच आहे. ज्यांना धुक्यात विमान उभं ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी तासांबरोबर कॅलेंडरही पाहावं. फिल्टर असलेल्या इंजिनाला तेल बदलण्याची लायकमिंगची मुदत ५० तास किंवा चार महिने, यांतली आधी येईल ती. ऑक्टोबरात भरलेलं तेल फेब्रुवारीत काढायचं, मग विमान त्यावर बाराच तास उडालेलं का असेना.