दफ्तरांच्या पुठ्ठ्यांतली हिब्रू पानं

इटलीतल्या मोडेना शहराच्या सरकारी अभिलेखागारात सोळाव्या आणि सतराव्या शतकातली दफ्तरं रांगेनं लावलेली आहेत. नोटरींचे दस्त, हिशेबाच्या वह्या, असा सगळा रुक्ष कारभार. पण यांतल्या कित्येक वह्यांचं वेष्टन म्हणजे मध्ययुगीन हिब्रू हस्तलिखिताचं चर्मपत्र आहे. मोठ्या आकाराच्या बायबलचं किंवा तालमूदचं (ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चाग्रंथाचं) एक जोडपान उलगडायचं, आडवं फिरवायचं, कडा आत दुमडायच्या आणि वहीला शिवून टाकायचं, अशी ही पद्धत होती. बाहेरच्या बाजूची अक्षरं अनेकदा खरवडून काढलेली असतात, नाहीतर शतकानुशतकं हात लागून पुसट झालेली असतात. त्या पुसट ओळींवरच कारकुनानं वहीचं नाव आणि साल लिहिलेलं दिसतं. आतली बाजू मात्र कागदांना चिकटून सुरक्षित राहिलेली असते, आणि तिथली शाई आजही काळीभोर असते. इटलीत १९८१पासून अशा पानांचा पद्धतशीर शोध सुरू झाला आणि आजवर दहा हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, फ्रान्स, स्पेन इथल्या ग्रंथालयांतही असे तुकडे सापडले आहेत आणि सापडत आहेत.

अशा पानांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक शोकाची: केवढे ग्रंथ गेले आणि हाती काय उरलं! दुसरी शोधाची: या तुकड्यांत एखादा हरवलेला ग्रंथ तर नाही ना? दोन्ही रास्त आहेत, पण दोन्हींत तुकड्याला स्वतःची किंमत नाही. तो अखंड ग्रंथाचा बदली म्हणूनच मोजला जातो. माझं म्हणणं याहून वेगळं आहे. मध्ययुगातला ज्यू समाज कसा लिहीत होता, कोण लिहीत होतं आणि कशासाठी, हे जाणून घ्यायचं असेल, तर जपून ठेवलेल्या अखंड ग्रंथांपेक्षा ही सुटी पानंच अधिक भरवशाची साक्ष देतात.

अखंड ग्रंथ कोणते उरले ते पाहा. इसवी सन ९३०च्या सुमाराचा अलेप्पोचा बायबल-ग्रंथ (१९४७नंतर त्याचा बराच भाग हरवला) आणि १००८ साली कैरोत लिहिला गेलेला, आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेला ग्रंथ ही सर्वांत प्रसिद्ध नावं. तीन रकान्यांत बसवलेला मजकूर, त्यावर स्वरचिन्हं आणि पठणाच्या खुणा, समासांत बारीक अक्षरांत पाठशुद्धीच्या टिपा. असे ग्रंथ आश्रयदात्यानं खर्च करून करवून घेतले, ते फार कमी हाताळले गेले आणि प्राणपणानं जपले गेले. म्हणूनच ते टिकले. पण रोज उघडलं जाणारं पुस्तक असं टिकत नाही. बॅबिलोनियन तालमूद हा तर ज्यू अध्ययनाचा कणा, घरोघरी आणि पाठशाळांत शतकानुशतकं वाचला गेलेला. त्याची जवळजवळ संपूर्ण अशी मध्ययुगीन प्रत जगात एकच उरली आहे, १३४२ साली लिहिलेली, आज म्युनिकमध्ये असलेली. केवळ अखंड ग्रंथांवरून अनुमान काढायचं म्हटलं, तर या समाजात बायबलच्या देखण्या प्रती पुष्कळ होत्या आणि तालमूद क्वचितच कुणाकडे असे, असं म्हणावं लागेल. खरी स्थिती तशी नव्हती.

लेखनाची रीतही इथे पाहायला हवी. लॅटिन ग्रंथांची नक्कल बऱ्याच अंशी मठांत आणि पुढे विद्यापीठांच्या आधारानं होत असे. तिथे संस्था होती, तिची शिस्त होती आणि तिचं ग्रंथालय होतं. ज्यू समाजाकडे अशी यंत्रणा नव्हती. जेरुसलेमचे हस्तलिखिततज्ज्ञ मालाखी बेत-आरिये यांनी १९६५पासून तारीख नोंदलेल्या हिब्रू हस्तलिखितांची मोठी पाहणी केली. ग्रंथाच्या शेवटी लेखनिक स्वतःबद्दल ज्या ओळी लिहितो, त्यांवरून असं दिसलं की सुमारे निम्मी हस्तलिखितं वाचणाऱ्यानं स्वतःसाठीच उतरवून घेतली होती. विद्यार्थ्यानं पाठासाठी, वैद्यानं धंद्यासाठी, बापानं मुलांसाठी. रोममध्ये १२८८ साली पाओला नावाच्या विदुषीनं बायबलवरचं भाष्य स्वतःच्या हातानं उतरवलं. ती लेखनिकांच्याच घराण्यातली होती. लिहिता येणं ही इथे एखाद्या वर्गाची मिरास नव्हती, म्हणून हस्ताक्षरंही पानागणिक बदलतात.

याचा अर्थ शिस्त नव्हती असा नाही. सिनेगॉगमध्ये वाचल्या जाणाऱ्या तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीला कडक नियम होते आणि आजही आहेत. शुद्ध मानलेल्या प्राण्याचं कातडं, टोकदार साधनानं आखलेल्या बिनशाईच्या रेघा, डिंक घातलेली टिकाऊ काळी शाई. मजकुराला स्वरचिन्हं लावायची नाहीत, आणि एक अक्षर जरी गळलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. ईश्वराचं नाव चुकीच्या जागी लिहिलं गेलं तर ते खोडता येत नाही. तो पूर्ण तुकडा बाजूला काढून नवा लिहावा लागतो. मराठी वाचकाला लगेच उमगेल अशी एक गोष्ट म्हणजे हिब्रू अक्षरं आखलेल्या रेघेवर बसत नाहीत, शिरोरेषेखाली देवनागरी लोंबावी तशी ती रेघेला खालून लटकतात. पुस्तकाच्या आकाराच्या हस्तलिखितांत मात्र लेखनिकाला मोकळीक होती. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा नाही आणि रकान्याची कड तर सरळ यायला हवी, या पेचातून वाट काढण्यासाठी तो शेवटचं एखादं अक्षर आडवं ताणतो, उरलेल्या जागेत एखादी खूण भरतो, किंवा पुढच्या शब्दाची दोन-तीन अक्षरं लिहून सोडून देतो आणि पुढच्या ओळीवर तो शब्द पुन्हा पूर्ण लिहितो. वेगवेगळ्या शहरांत पोहोचलेली दोन पानं एकाच हातची आहेत का, हे ठरवायला तज्ज्ञांना या सवयींचा फार उपयोग होतो.

आता दुसरा मोठा साठा, कैरोचा. जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा सिनेगॉग आहे. ईश्वराचं नाव असलेला लेख जीर्ण झाला तरी नष्ट करायचा नाही, तो आदरानं वेगळा ठेवायचा आणि मग पुरायचा, ही ज्यूंची जुनी चाल. अशा ठेवणीच्या जागेला गनिझा म्हणतात. फुस्तातच्या गनिझाला भिंतीत उंचावर एक भोक होतं, शिडी लावून तिथून कागद आत टाकले जात. पुरण्याचं काम मात्र तिथे बहुतेक राहूनच गेलं. केंब्रिजचे सॉलोमन शेख्टर १८९६च्या अखेरीस तिथे पोहोचले आणि त्यांनी आणलेला साठा आज केंब्रिजमध्ये सुमारे १,९३,००० तुकड्यांचा आहे. त्यात प्रार्थना आणि तालमूद तर आहेतच, शिवाय लग्नाचे करार, दुकानांचे हिशेब, मदतीसाठी केलेले अर्ज आणि मुलांना मुळाक्षरं गिरवण्यासाठी केलेली पानंही आहेत. थोर तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस यांच्या ग्रंथांचे त्यांच्याच हातचे, खाडाखोड केलेले खर्डे तिथे सापडले. त्यांचा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी भारताकडे निघाला होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्यानं लिहिलेलं पत्र तिथे आहे. पुढच्या प्रवासात तो समुद्रात बुडाला.

याच साठ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही एक धागा आहे. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला राहत होता. ११३२ साली तिथे त्यानं आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्त गनिझात मिळाला. एडनचे व्यापारी त्याला पत्रांबरोबर भेट म्हणून कागद पाठवत, कारण मंगळुरात तो सहज मिळत नव्हता. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेत तो स्वतःचे हिशेब आणि टिपणं लिहीत असे. या पत्रांची भाषा अरबी आहे आणि लिपी हिब्रू. लिपीबद्दलच्या आदरामुळेच मिरी, सुपारी आणि पितळी भांड्यांचा व्यवहार धर्मग्रंथांच्या शेजारी जाऊन पडला. कोणत्याही ग्रंथपालानं हे कागद जपण्यालायक ठरवले नसते.

इथे पहिला आक्षेप येतो. हे सगळं योगायोगानं उरलेलं आहे, मग योगायोगावर निष्कर्ष कसे उभारायचे? आक्षेप खरा आहे, पण अखंड ग्रंथही निवडीतूनच उरले आहेत, आणि ती निवड आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. तुकड्यांच्या बाबतीत चाळणी कोणती होती ते ठाऊक आहे. इटालियन बांधणीवाल्याला मजबूत आणि रुंद पान हवं होतं. म्हणून त्याच्याकडून आपल्यापर्यंत मोठ्या आकाराचे चर्मपत्री ग्रंथच पोहोचले, खिशात मावणारी प्रार्थनापुस्तकं फारशी नाहीत. फुस्तातला मात्र कागदाचाच भरणा आहे, आणि त्यात लहानसहान सगळं आहे. दोन चाळण्या एकमेकींहून इतक्या वेगळ्या असल्यामुळे एकीत अडकलेलं दुसरीतून मिळतं. शिवाय इटलीतल्या एकाच शहराच्या दफ्तरांत इटालियन, जर्मन आणि स्पॅनिश वळणाची हिब्रू अक्षरं शेजारी-शेजारी सापडतात. घर सोडावं लागलेली माणसं पुस्तकं बरोबर घेऊन आली होती, हे त्या वळणांवरून कळतं.

दुसरा आक्षेप मजकुराच्या विश्वासार्हतेचा. सुट्या पानावर भिस्त किती ठेवायची? याचं उत्तर एका जुन्या वादात आहे. बेन सिराचा नीतिग्रंथ मूळ हिब्रूत लिहिलेला, पण ते मूळ लुप्त होऊन ग्रीक आणि सिरियाक भाषांतरंच उरली होती. १८९६च्या मे महिन्यात अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी बहिणींनी पूर्वेकडून आणलेलं एक पान शेख्टर यांनी ओळखलं: ते त्या हिब्रू मुळाचं होतं. त्या पानामुळेच ते कैरोला गेले. ऑक्सफर्डचे मार्गोलियुथ यांनी मात्र १८९९ साली ठामपणे म्हटलं की हा मजकूर मूळ नाहीच, मध्ययुगात कुणीतरी भाषांतरांवरून परत हिब्रूत केलेला आहे. वाद साठहून अधिक वर्षं रेंगाळला. १९६४ साली मृत समुद्राजवळच्या मसादाच्या किल्ल्यात बेन सिराची इसवी सनापूर्वीची गुंडाळी सापडली, आणि गनिझातला पाठ, नकलांतल्या चुका वगळता, मुळातून आलेला आहे हे सिद्ध झालं. मसादाची गुंडाळी आणि कैरोची पानं यांच्यात हजार वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर अनाम लेखनिकांनी भरून काढलेलं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो मला हलक्यानं घेता येत नाही. दफ्तराला गुंडाळलेलं तालमूदचं पान ही छळाचीच खूण नाही का? पॅरिसमध्ये १२४२च्या सुमारास गाडीगाडीनं तालमूद जाळले गेले. रोममध्ये सप्टेंबर १५५३मध्ये, ज्यूंच्या नववर्षाच्याच दिवशी, कांपो दे फियोरी चौकात तालमूदची होळी झाली. जर्मन मुलखात १३४८-४९च्या प्लेगच्या काळात वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या आणि त्यांची पुस्तकं लुटली गेली. तिथल्या बांधण्यांतली कित्येक पानं या लुटीतली आहेत, यात शंका घेण्याचं कारण नाही. पण इटलीतली सगळी पानं याच एका कारणाखाली घालता येत नाहीत. तिथे बायबलची पानंही मोठ्या संख्येनं मिळतात, आणि हिब्रू बायबलवर बंदी नव्हती. त्याच वह्यांच्या शेजारी चर्चच्या स्वतःच्या लॅटिन ग्रंथांची पानंही त्याच कामाला लागलेली दिसतात. छापील पुस्तकं आली, जुनी हस्तलिखितं अडगळ ठरली, आणि चर्मपत्र महाग होतं, म्हणून ते विकलं गेलं. फुस्तातच्या साठ्यात तर उलटी उदाहरणंही आहेत: जुन्या ग्रीक बायबलची आणि ख्रिस्ती अरामी ग्रंथांची पानं घासून पुसून त्यांवर हिब्रू लिहिलेलं आढळतं. आग, लूट, सक्ती आणि साधा बाजार ही वेगवेगळी कारणं वेगळीच ठेवायला हवीत. सगळी पानं छळाच्या खात्यात टाकली, तर खरोखर लुटल्या गेलेल्या पानांची साक्षच बोथट होते.

यावरून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, आणि तो अभिलेखागारांना आजही सोडवावा लागतो: ही पानं बांधणीतून सोडवून घ्यायची की जागीच ठेवायची? दुरुस्तीच्या वेळी सोडवली, तर आतली काळीभोर बाजू वाचता येते, विखुरलेली पानं जुळवता येतात. मोडेनात अनेक पानं अशीच सुटी केली गेली. हा फायदा मोठा आहे. पण पान वहीपासून वेगळं झालं, की ते कोणत्या नोटरीच्या दफ्तरावर, कोणत्या साली आणि कोणत्या बांधणीवाल्याच्या टाक्यांनी शिवलं गेलं, हा पुरावा निसटतो. एकाच ग्रंथाची पानं एकाच वर्षाच्या वह्यांवर सलग आढळली, तर तो ग्रंथ कधी आणि कुणाच्या दुकानात फाडला गेला हे कळतं. छळ की बाजार, या प्रश्नाचं उत्तरही बरेचदा तिथेच असतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात क्ष-किरणांच्या साहाय्यानं बांधणीत दडलेला लॅटिन मजकूर पुस्तक न उसवता वाचून दाखवला गेला आहे. ही पद्धत अजून वेळखाऊ आहे. तरीही जिथे चर्मपत्राला कीड किंवा ओल लागलेली नाही, तिथे टाके उसवू नयेत, वही आणि वेष्टन दोन्हींची छायाचित्रं एकत्र घ्यावीत आणि सूचीत दोन्हींची नोंद एकाच क्रमांकाखाली करावी, असं माझं मत आहे.