मूळ संहितेस हात न लावता: वर्डप्रेसच्या विस्ताराचे तत्त्व

संकेतस्थळावरील मजकूर सांभाळण्यासाठी जी तयार आज्ञावली वापरतात, ती कितीही परिपूर्ण असली, तरी प्रत्येक संस्थेची प्रत्येक गरज तिच्या कर्त्यांनी आधीच ओळखलेली असणे संभवत नाही. म्हणून तीत स्वतःची भर घालण्याचा प्रसंग आज ना उद्या येतोच. ही भर कोठे घालावी, हा खरा प्रश्न होय. वर्डप्रेस या प्रणालीच्या आधारे त्याचा विचार करणे सोयीचे आहे.

मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ‘बी२’ या पूर्वीच्या आज्ञावलीवरून २००३ साली वर्डप्रेस सिद्ध केली. ती पीएचपी भाषेत लिहिलेली असून, जीपीएल परवान्यामुळे तिची संहिता वाचण्याची व बदलण्याची मोकळीक सर्वांस आहे. या मोकळिकीतूनच एक मोह उत्पन्न होतो. हवा तो बदल मूळ संहितेतच करणे वरवर पाहता सोपे वाटते. परंतु नवी आवृत्ती बसविताच मूळ फायलींच्या जागी नव्या फायली येतात आणि केलेला बदल पुसला जातो. तो राखावा म्हणून नवी आवृत्ती टाळली, तर सुरक्षिततेतील उघडकीस आलेल्या उणिवा तशाच राहतात.

या पेचातून सुटण्याचा मार्ग २००४ मधील १.२ या आवृत्तीने ‘प्लगिन’च्या रूपाने दिला. मूळ संहितेत ठिकठिकाणी नावे दिलेली स्थाने असतात; त्यांस ‘हुक’ म्हणतात. अशा स्थानी येताच, त्या नावाशी कोणी आपले फंक्शन जोडले आहे काय, हे प्रणाली पाहते व असल्यास ते चालविते. हुक दोन प्रकारचे आहेत. ‘ॲक्शन’ म्हणजे एखाद्या क्षणी काही कृती करण्याची संधी. ‘फिल्टर’ म्हणजे हाती आलेले मूल्य पालटून परत देण्याची संधी. एकाच हुकाशी अनेक फंक्शने जोडलेली असल्यास त्यांचा क्रम अंकाने ठरतो. अंक न दिल्यास तो १० धरला जातो, आणि लहान अंकाचे फंक्शन आधी चालते.

एक उदाहरण घेऊ. लेखांतील सर्व आकडे देवनागरीत दिसावेत, अशी इच्छा आहे. ‘द कंटेंट’ या फिल्टरला एक छोटे फंक्शन जोडले, की ते काम होते. मात्र येथे दोन धोके संभवतात. फंक्शनने मजकूर परत देण्याचे विसरल्यास लेखाची जागा रिकामी दिसते. तसेच सरसकट सर्व आकडे बदलल्यास दुव्यांच्या पत्त्यांतील व उपशीर्षकांच्या खुणांतील आकडेही पालटतात आणि पान बिघडते. म्हणून खुणा वगळून केवळ वाचनीय मजकुरास हात लावावा लागतो. तथापि चूक झाली, तरी ती निस्तरता येते. हा फिल्टर मजकूर दाखविताना चालतो. डेटाबेसमधील मूळ लेख अबाधित राहतो, आणि प्लगिन बंद करताच पान पूर्ववत होते.

हाच विवेक थीम व प्लगिन यांच्या बाबतीतही ठेवावा लागतो. २०१० च्या ३.० या आवृत्तीपासून ‘हस्तलिखित’ यासारखा नवा मजकूर-प्रकार सहज नोंदविता येतो. ही नोंदणी थीममध्ये केली व पुढे थीम बदलली, तर नोंदी डेटाबेसमध्ये असूनही व्यवस्थापन-पटलावरून दिसेनाशा होतात. वर्षानुवर्षांचे सूचीकार्य नष्ट झाल्याचा भास होतो. म्हणून जे रूपाशी संबंधित, ते थीममध्ये; जे आशयाशी संबंधित, ते प्लगिनमध्ये असावे. दुसऱ्याने केलेल्या थीमचे रूप पालटावयाचे झाल्यास तेही तिच्या फायलींत न पालटता ‘चाइल्ड थीम’मध्ये पालटावे, कारण थीमच्याही नव्या आवृत्त्या निघत असतात.

सारांश, विस्ताराचे यश भर किती घातली यावरून ठरत नाही. ती केव्हाही काढून घेता यावी आणि काढल्यावर मूळ प्रणाली व संस्थेचा संग्रह दोन्ही अक्षत राहावेत, हीच त्याची खरी कसोटी होय.