चेंबूर कॅम्प : सिंधी स्थलांतरितांनी घडविलेले उपनगर आणि त्यांची भाषा

प्रस्तावना

स्थलांतरित समूह एखाद्या वस्तीचे जीवन कसे घडवितो, या विषयावरील चर्चेत न्यूयॉर्कच्या हार्लेम विभागाचे उदाहरण नेहमी दिले जाते. सेनेगलहून आलेल्या लोकांनी १९८० नंतरच्या काळात तेथील ११६व्या रस्त्यावर दुकाने व खानावळी थाटल्या आणि तो भाग 'लिटल सेनेगल' म्हणून ओळखला जाऊ लागला. चेंबूरमध्ये अध्यापन करणाऱ्यास मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. येथील एका गृहनिर्माण संस्थेचे अधिकृत नावच 'सिंधी इमिग्रंट्स को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' असे आहे. लोकांच्या बोलण्यात तिची केवळ 'सिंधी सोसायटी' झाली. स्थलांतराचा निर्देश करणारा शब्द मधल्या मध्ये गळून पडला. सिंधी समाजाने चेंबूरला काय दिले आणि या व्यवहारात त्याची स्वतःची भाषा मागे का पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

फाळणीपूर्व चेंबूर म्हणजे कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची गावठाणे होती. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ मध्ये घातला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांना तो १९२४ मध्ये खुला झाला. कचऱ्यास अठरा वर्षे आधी गाडी मिळाली, ही बाब या उपनगराकडे पाहण्याच्या शहराच्या दृष्टीविषयी बरेच काही सांगून जाते. १९४५ मध्ये चेंबूर मुंबईच्या नगरपालिका हद्दीत आले आणि त्यानंतर तीनच वर्षांत येथील बराकी निर्वासितांनी भरून गेल्या.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर सिंधमधील हिंदूंच्या निर्गमनास वेग आला. यांपैकी अनेक जण समुद्रमार्गे मुंबईस पोहोचले. येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. सिंध हा प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि तेथील महाविद्यालये १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. येणाऱ्या सुशिक्षित सिंधी माणसाच्या दृष्टीने मुंबई हे परके शहर नव्हते. ज्या विद्यापीठाची त्याने परीक्षा दिली, त्या विद्यापीठाचे ते गाव होते. या समाजाने बराकीत राहत असतानाच शिक्षणसंस्था काढण्याचा विचार का केला, याचे एक उत्तर येथे सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड १९४९ मध्येच स्थापन झाले व बांद्र्यास नॅशनल कॉलेज उभे राहिले. चेंबूरमध्ये सिंधमधूनच आलेले हशू अडवाणी यांनी १९६२ साली विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढे त्यांनी विधानसभेत चेंबूरचे प्रतिनिधित्वही केले. संस्थेस झुलेलालचे नाव न देता विवेकानंदांचे दिले गेले, हे सूचक आहे. ती केवळ आपल्या लोकांपुरती राहू नये, ही दृष्टी त्यात दिसते. आज तेथे शिकणारी मराठी, तमिळ, उत्तर भारतीय मुले आपण निर्वासितांनी उभारलेल्या संस्थेत शिकत आहोत, हे क्वचितच जाणतात.

खाद्यसंस्कृतीबाबतही असेच घडले. रविवारी सकाळचे दाल-पकवान, कोकी, सिंधी कढी, होळीच्या सुमारास मिळणारे जिलेबीसारखे घीयर आणि कॅम्पातील झामा स्वीट्सचे गुलाबजाम हे आता सर्वांचेच झाले आहे. चेटीचंड पाडव्याच्या आगेमागे येतो. आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न खाण्याची सिंधी 'थदडी' आपल्या शिळासप्तमीची बहीण शोभावी अशी आहे. शेजाऱ्यांना हे सण समजावून सांगावे लागले नाहीत.

भाषेचा प्रश्न

जे इतरांना वापरता आले ते टिकले व वाढले. भाषा इतरांच्या उपयोगाची नव्हती. १९५० व १९६०च्या दशकांत वाढलेली तमिळ वस्ती या संदर्भात तुलनेस घ्यावी. छेडानगरचे मुरुगन मंदिर व चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी ही तिची केंद्रे होत. तमिळ कुटुंबास सुटीत गावी जाता येते. वृत्तपत्र, चित्रपट, पाठ्यपुस्तके यांचा पुरवठा करणारे एक राज्य पाठीशी आहे. हार्लेममधील सेनेगलच्या माणसासही डकारचे विमान मिळते. सिंधी माणसास परतीचा प्रदेश उरला नाही. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले खरे, परंतु ती भाषा राज्यकारभारात वापरणारे राज्य भारतात नव्हते व नाही.

त्यात लिपीचा वाद आला. १८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने बावन्न अक्षरांची अरबी वळणाची सिंधी लिपी निश्चित केली होती. फाळणीनंतर एका पक्षाने देवनागरीचा आग्रह धरला. दुसऱ्यास जुने साहित्य हातचे जाईल अशी भीती वाटली. दोन्ही लिपींस मान्यता मिळाली. दोन्ही पक्षांचे म्हणणे सकारण होते, पण वाद चालू असताना पालकांनी मुलांची नावे इंग्रजी शाळांत घातली. बराकीतून बाहेर पडू पाहणाऱ्या पालकांना त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही. कच्छी वगळता सिंधी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची देशातील संख्या २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत १७ लाखांच्या आसपासच राहिली. त्याच दशकात देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून अधिक वाढली होती.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गास कौटुंबिक कागदपत्रांवर आधारित प्रकल्प दिला असता एका सिंधी विद्यार्थिनीने पणजोबांच्या दोन वस्तू आणल्या. एक होते मुंबई विद्यापीठाचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते इंग्रजीत होते व तिने ते वर्गात वाचून दाखविले. दुसरी होती बराकीतील दिवसांत लिहिलेली वही. ती वाचू शकेल असे घरात कोणीच नव्हते, म्हणून तिने प्रकल्पात तिच्या पानांची केवळ छायाचित्रे जोडली.