कावेरीकाठचा मौनी

ध्यानात मन एका ठिकाणी स्थिरावते. जाणीव म्हणजे त्या मनाकडेही अलिप्तपणे पाहणे. आत्मज्ञानाच्या वाटेवर या दोन्हींची सांगड कशी पडते, हे कावेरीकाठच्या सदाशिव ब्रह्मेंद्रांनी ग्रंथांतून आणि पदांतून फार नेमकेपणाने सांगितले आहे.

त्यांचा काळ तंजावरच्या भोसल्यांचा. व्यंकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे, शहाजीराजे 1684 ते 1712 या काळात तिथे गादीवर होते. 1693 मध्ये त्यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि गावाला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. तिरुविशनल्लूरला वेदान्त आणि व्याकरणाचे पाठ चालत. सदाशिव तिथेच शिकले.

परंपरा सांगते, की तरुणपणी ते वादात कोणालाही हार जात नसत. एकदा गुरू परमशिवेंद्र सरस्वती म्हणाले, तुझे तोंड कधी बंद होणार? त्या दिवसापासून सदाशिवांनी मौन धरले आणि पुढे अवधूत होऊन ते नदीकाठाने हिंडत राहिले.

पतंजलीच्या योगसूत्रांवर त्यांनी ‘योगसुधाकर’ ही वृत्ती लिहिली. सूत्रांतली साधनेची चढण अशी आहे: यम-नियमांनी वागणे सुधारते, आसन-प्राणायामाने शरीर आणि श्वास शांत होतात, प्रत्याहाराने इंद्रिये विषयांकडून माघारी वळतात. त्यानंतर चित्त एका जागी बांधणे ही धारणा, तोच प्रवाह अखंड राहिला की ध्यान, आणि ध्यानाचा विषय तेवढा उरून ‘मी ध्यान करतो आहे’ हे भानही मावळले की समाधी. मन भरकटले तर चिडायचे नाही, त्याला परत आणायचे. पतंजली याला अभ्यास म्हणतो आणि त्याला वैराग्याची जोड देतो. नुसता अभ्यास हट्ट होतो, नुसते वैराग्य कोरडे पडते.

वेदान्त आणखी पुढे जातो. विचार येतो आणि जातो. तो आला आणि गेला हे ज्याला कळते तो साक्षी मात्र येत-जात नाही. मनाच्या शांतीलाही पाहणारा तो साक्षी हेच आपले स्वरूप आहे, हे श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांनी पक्के होणे म्हणजे ज्ञान. समाधीतून उठल्यावर ध्यान संपते, पण हे कळणे बाजारातही टिकते. सदाशिवांच्या ‘आत्मविद्याविलास’ या काव्यात असा ज्ञानी दिसतो: कोणी मान दिला तरी, अपमान केला तरी सारखाच, आपल्यातच रमलेला.

साधकाला खरा आधार मात्र त्यांच्या पदांतून मिळतो. ‘मानस संचर रे’ हे कर्नाटक संगीताच्या मैफलींत आजही गायले जाणारे पद मनालाच उद्देशून आहे. मनाला ते थांबायला सांगत नाही. हिंडायचेच तर ब्रह्मात हिंड, असे म्हणते आणि लगेच मोरपीस ल्यालेल्या कृष्णाचे रूप समोर ठेवते. निर्गुण ब्रह्म एकदम हाती येत नाही, म्हणून आधी डोळ्यांना सगुण रूप आणि कानांना मुरलीचा नाद. पंडितांच्या वृत्तीपेक्षा हे पद सामान्य माणसाला अधिक उपयोगी आहे, कारण चंचलपणा हा मनाचा गुन्हा मानलेला नाही. त्याला फक्त दिशा दिली आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही.

सदाशिवांच्या नावावर चमत्कारांच्या पुष्कळ कथा आहेत. कावेरीच्या पुरात वाळूखाली गाडले गेले आणि पुष्कळ काळाने जिवंत निघाले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. भाविकांना त्या प्रिय आहेत, पण साधनेचा मार्ग त्यांवर अवलंबून नाही. तो ग्रंथांत आणि पदांत स्पष्ट लिहिलेला आहे. त्यांची समाधी करूरजवळ कावेरीकाठी नेरूर येथे आहे. तिथे दरवर्षी वैशाखात आराधना होते आणि गायक त्यांचीच पदे गातात.