जुन्या मोटारसायकलीचे नवे बोल्ट

1968 साली जपानच्या यामाहा कंपनीने ‘डीटी-1’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. एकच सिलिंडर, 246 घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन, रुंद हँडल, आणि डांबरी सडक सोडून चिखलातून, खडकाळ उतारांवरून जाण्यासाठी केलेली बांधणी. अमेरिकेत तिचा फार मोठा खप झाला. आज अशी एखादी गाडी तेथील जुन्या कोठारातून बाहेर निघते, हौशी माणूस ती पूर्ववत करावयास बसतो, आणि सुट्या भागांच्या राशीत सर्वांत दयनीय अवस्था दिसते ती नटबोल्टांची. त्यांच्यावरचा जस्ताचा मुलामा केव्हाच उडून गेलेला असतो. मग साहजिकच मनात येते की, सगळेच बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घालावेत, म्हणजे पुन्हा गंजाचे नाव नको.

या बेतातील फसगत समजण्यासाठी हे पोलाद मुळात गंजत का नाही, ते पाहावयास हवे. बोल्टांसाठी बहुधा वापरतात त्या जातीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. आपल्या स्वयंपाकघरातील चांगली भांडीही याच कुळातली. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन क्रोमियमचा एक अतिसूक्ष्म थर पृष्ठभागावर तयार होतो व आतल्या लोखंडाला झाकून टाकतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. या जातीला ‘ए2’ म्हणतात. तिच्यात सुमारे दोन टक्के मॉलिब्डेनम मिसळले की ‘ए4’ जात होते, ती समुद्राच्या खाऱ्या हवेतही टिकते. गाडी कोकणकिनाऱ्यासारख्या ठिकाणी राहणार असेल, तरच ‘ए4’साठी जादा पैसे मोजावेत.

न गंजणे हा एक गुण झाला. ताण सोसणे हा अगदी वेगळा. बोल्टाच्या डोक्यावर ‘8.8’ असे कोरलेले असते. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की कळते, हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताणाला तुटेल. आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांशापर्यंत, म्हणजे 640 न्यूटनपर्यंत, तो ताण सुटताच मूळ लांबीवर येईल. स्टेनलेसच्या नेहमीच्या बोल्टावर ‘ए2-70’ असे असते. तो 700 न्यूटनला तुटतो. पण कायमचा लांबू लागतो तो 450 लाच. खरी मेख येथे आहे. आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंगच असते; त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. बोल्ट कायमचा लांबला की दाब गेला, आणि मग प्रत्येक धक्का थेट बोल्टावर आदळतो.

डीटी-1च्या मागील चाकाला ड्रमचा ब्रेक आहे. ब्रेक लागताच ड्रमची आतील तबकडी चाकाबरोबर फिरू पाहते. तिला एक पोलादी पट्टी धरून ठेवते, आणि ती पट्टी एका बोल्टावर असते. हा बोल्ट उतारावर तुटला तर तबकडी फिरते आणि चाक जागच्या जागी अडकू शकते. तेथे चकाकीचा मोह धरणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. मागील दातेरी चक्राचे, एंजिन चौकटीला धरणारे, हँडल आवळणारे आणि पाय ठेवण्याच्या दांड्यांचे बोल्ट याच वर्गातले. तेथे मूळ बोल्टापेक्षा कमी ताकदीचा बोल्ट कदापि घालू नये.

स्टेनलेस कोठे शोभते? चिखलरोधक पत्रे, दिवा, नंबराची पाटी, केबलींचे चिमटे येथे ते खुशाल वापरावे. एंजिनच्या बाजूच्या झाकणांनाही ते चालते, कारण तेथील मूळ स्क्रू मऊ पोलादाचे, आणि त्यांच्या फुलीच्या खाचा चुकीच्या पेचकसाने खराब झालेल्या असतात. जपानी फुली नेहमीच्या फुलीहून निराळी असते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते! मात्र षट्कोनी खाचेचे नवे स्क्रू किल्लीने फार जोरात आवळता येतात, आणि मग ॲल्युमिनियमच्या झाकणामागील आटेच उखडून येतात.

आणखी दोन गोष्टी. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टावर वेगाने फिरवला, तर घर्षणाने तो संरक्षक थर फाटतो आणि दोन्ही धातू एकमेकांत रुततात. नट ना पुढे जातो ना मागे, शेवटी बोल्ट पिळून तोडावा लागतो. दुसरे असे की, ओलावा असता पोलादाच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट भोकात घट्ट करते. दोहोंवर उपाय एकच: आट्यांना अडकणरोधक वंगण लावून हाताने सावकाश फिरवणे. वंगणामुळे त्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो, म्हणून पान्याचा जोर मात्र कमी ठेवावा.

खरेदीच्या वेळी आटे मोजून घ्यावेत. जपानी गाड्यांत 10 मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे पुष्कळदा सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात, तर बाजारात सर्रास मिळतो तो दीड मिलिमीटरचा. दोन वळसे तो बसल्यासारखा वाटतो, तिसऱ्याला भोक बिघडवतो. दुकानात लोहचुंबक नेल्यास उत्तम. चकाकता बोल्ट त्याला जोराने चिकटला, तर तो ‘ए2’ किंवा ‘ए4’ नव्हे. मात्र थंड अवस्थेत घडवल्यामुळे खरा बोल्टही किंचित ओढला जातो.

उरतात ते ताणाचे मूळ बोल्ट. ज्यांचे आटे शाबूत आहेत व जे वाकलेले नाहीत, ते साफ करून पुन्हा जस्ताचा मुलामा देऊन घ्यावेत. प्रदर्शनातील परीक्षकांनाही डोक्यावरच्या जुन्या खुणा पाहावयास आवडतात. अतिशय कठीण पोलादाचा बोल्ट असेल तर मुलामा देणाऱ्यास तसे आधी सांगावे. आम्लात बुडवताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि तो ठिसूळ होतो, म्हणून मुलाम्यानंतर लगेच त्याला भट्टीत काही तास शेकून घ्यावे लागते.