वायफाय मंद का झालं? : अनुमानाचा एक घरगुती पाठ

मागच्या वेळी अन्वय आणि व्यतिरेक यांवर बोलताना आम्ही धूर-अग्नीच्या पुढे गेलो नाही, अशी तक्रार दोघा-तिघांनी लिहून पाठवली. "सर, आजच्या घरातलं उदाहरण द्या." तर आज आमच्याच घरातलं देतो. मुलुंड पूर्वेला आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि आमचं वायफाय दोन महिने मंद होतं. त्यात चूक आमची होती आणि शिक्षा दुसऱ्याला झाली, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी अशी. आमचा राउटर जुना. कंपनीने त्याच्या सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं होतं. नातू इंजिनीअरिंगला आहे, त्याने गेल्या दिवाळीत त्यात ओपनडब्ल्यूआरटी घातलं. राउटर म्हणजेही एक लहान संगणकच, आणि त्याच्या पोटात जी प्रणाली असते ती फर्मवेअर. कंपनीची काढून दुसरी घालता येते. ही प्रथा सुरू झाली लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरपासून. २००२च्या अखेरीस तो बाजारात आला. आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना सांगतो की वापरणाऱ्याला मूळ कोड मिळाला पाहिजे, म्हणून लोकांनी तो मागितला आणि २००३ मध्ये कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' तिथलंच.

दिवाळी ते मे सगळं उत्तम चाललं. जूनमध्ये बिघडलं. आमचा प्लॅन दीडशे मेगाबिटचा आणि फोनवर वीस! तेही नेहमी नाही. सकाळी ठीक, दुपारी मंद, रात्री पुन्हा ठीक. सौ. म्हणाल्या, "हे नवीन काहीतरी घातल्यापासून झालंय." आम्ही म्हणालो, पावसाने वायर भिजली असणार. म्हणून केबलवाल्याच्या मुलाला बोलावलं. भर पावसात तो तीनदा आला, गच्चीवर गेला, कनेक्टर बदलले, काही फरक नाही. तिसऱ्या वेळी आम्ही आवाज चढवला आणि त्याच्या मालकाला फोन केला. मालकाने त्याचा एक दिवसाचा पगार कापला, हे आम्हाला मागाहून कळलं. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, आणि एकही परीक्षण न करता निष्कर्ष काढून मोकळा!

मग शांत बसून विचार केला. इंटरनेट आपल्या फोनपर्यंत तीन टप्प्यांनी येतं: बाहेरून घरात येणारी लाइन, मग राउटर, आणि राउटर ते फोन ही हवा. स्पीड टेस्टवाला आकडा तिन्हींचा मिळून असतो. तो वीस आला, तर दोष कुठे आहे हे त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून हवा बाजूला काढली. लॅपटॉपला केबल लावली, दुसरं टोक राउटरमध्ये, आणि टेस्ट केली. एकशे सेहेचाळीस! म्हणजे लाइन निर्दोष आणि राउटरही वाटतो तेवढा दमलेला नाही. दोन मिनिटांचं काम. हे पहिल्याच दिवशी केलं असतं, तर त्या मुलाला जिने चढावे लागले नसते.

तुमच्याकडे केबलवरही आकडा कमी आला, तर लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावून पाहा. तिथे पूर्ण आणि राउटरमधून कमी, तर राउटरचा प्रोसेसर कमी पडतोय. कंपनीचं फर्मवेअर बरेचदा चिपमधल्या एका आडवाटेने माहिती पुढे ढकलतं. ओपनडब्ल्यूआरटीत ती सोय मुळात बंद असते. फायरवॉलच्या पानावर 'फ्लो ऑफलोडिंग' म्हणून खूण आहे, ती करायची. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, पुढे चलूया.

उरली हवा. इथे इंटरनेटच वगळून मोजावं. आयपर्फ-थ्री नावाचं फुकट साधन आहे. एक संगणक केबलने राउटरला जोडायचा, दुसरा वायफायवर, आणि त्या दोघांतला वेग मोजायचा. राउटरवरच ते चालवू नका. मोजण्याच्या कामातच त्याचा जीव जातो आणि आकडा खोटा कमी येतो. आम्ही राउटरशेजारी बसून मोजलं: बावीस. शेजारी बसूनसुद्धा! म्हणजे भिंतींचा दोष नाही. मग राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. प्रत्येकापुढे जोडणीचा दर लिहिलेला असतो. आमच्या फोनपुढे ५४. एकाच्याही पुढे ५४च्या वर काही नाही.

हा आकडा लक्षात ठेवा, तो फार बोलका आहे. २००३च्या काळातल्या वायफायची ती कमाल मर्यादा. प्रत्यक्षात त्यातून वीस-बावीसच मिळतात, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि बराच वेळ 'तू बोल, मी थांबतो' यातच जातो. २००९ मध्ये ८०२.११एन हे नवं मानक आलं. त्याचा जास्त वेग मिळण्यासाठी दोन अटी आहेत. कूटलेखन एईएस हवं, आणि डब्ल्यूएमएम चालू हवं. टीकेआयपी हे जुनं कूटलेखन लावलंत, तर नवा राउटर आणि नवा फोन मुकाट्याने जुन्या वेगावर येतात. 'हे सेटिंग महागात पडेल' असं कोणी सांगत नाही.

आमच्या राउटरवर 'फोर्स टीकेआयपी' होतं. कोणी केलं? आम्हीच! मे महिन्यात जुन्या टिपणांसाठी एक पुरातन लॅपटॉप काढला, तो वायफायला जोडला जाईना. कुठेतरी उपाय वाचला, केला, तो जोडला गेला, आणि आम्ही विसरून गेलो.

आता सौं.चं अनुमान तपासा: 'फर्मवेअर बदललं, म्हणून मंद झालं.' नैयायिक इथे उपाधी शोधतील. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं, तीच उपाधी. फर्मवेअर दिवाळीपासून होतं आणि सहा महिने वेग पूर्ण होता, म्हणजे व्याप्ती तिथेच तुटली. आमचं पावसाचं अनुमान तर त्याहून वाईट. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, एवढंच.

टीकेआयपी काढून एईएस केलं. दर ५४ वरून १४४ झाला, प्रत्यक्ष वेग सत्तरच्या आसपास. मग मुद्दाम परत टीकेआयपी केलं: पुन्हा बावीस. हा व्यतिरेक लोक करत नाहीत. पाच गोष्टी एकदम बदलतात आणि बरं झालं की पाचांनाही श्रेय देतात. एका वेळी एकच बदल, आणि शक्य असेल तर तो उलटा फिरवून पाहणं. पुरातन लॅपटॉपला आता केबल लावली आहे.

पण सकाळी ठीक, दुपारी मंद, याचं काय? टीकेआयपी तर दिवसभर होतं. इथे दुसरं कारण निघालं. टीकेआयपी आम्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात केलं होतं. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा शाबूत होता. पण तो अधूनमधून बंद पडे, आणि मग सगळे फोन निमूटपणे २.४ वर येत. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ सापडली: 'डीएफएस रडार डिटेक्टेड'. रडार! मुलुंडमध्ये!

नातवाने परदेशी मार्गदर्शिका पाहून देशाचा कोड अमेरिकेचा ठेवला होता आणि चॅनल ११६. अमेरिकेच्या नियमानुसार त्या चॅनलवर रडारची चाहूल लागली की राउटरने तिथून उठायचं आणि अर्धा तास परतायचं नाही. हवामानाची सी-बँड रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आपल्या उपनगरातच अंधेरी-जोगेश्वरीकडे वेरावलीला हवामान खात्याचं असं डॉप्लर रडार २०२२ पासून आहे. तेच आमच्या राउटरने ऐकलं का? तसं आम्ही म्हणणार नाही. राउटरला रडारचा भासही होतो, आणि भासावरून अनुमान केल्याचे चटके आम्ही नुकतेच सोसले होते. कोड भारताचा केला, चॅनल ३६ केला. बंद पडणं थांबलं. पाच गिगाहर्ट्झचा हा भाग आपल्याकडे २०१८ पासून विनापरवाना मोकळा आहे, तेव्हा परदेशी कोड लावायचं काही कारणच नाही. रडारला पाऊस पाहू द्यावा.

बाकीचं भराभर. २.४ मध्ये १, ६ किंवा ११ हेच चॅनल, आणि सोसायटीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसत असतील तर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केलीत तर गर्दीत दोन खुर्च्या अडवल्यासारखं होतं. राउटरची शक्ती वाढवून फार उपयोग नाही. तो ओरडेल, पण फोनचा बारीक आवाज त्याला ऐकू यायला हवा ना! आणि चपलांच्या कपाटातून त्याला बाहेर काढा.

त्या मुलाच्या मालकाला आम्ही फोन करून चूक आमची होती असं स्पष्ट सांगितलं, कापलेले पैसे द्यायला लावले. मुलालाही घरी बोलावून माफी मागितली. तो म्हणाला, "काका, ते केबलवालं टेस्टिंग मला लिहून द्या. घाटकोपरला एक गिऱ्हाईक रोज भांडतं." लिहून दिलं.

एकाने आधीच प्रश्न पाठवलाय: "आम्ही फर्मवेअर बदलावं का?" कंपनी अपडेट देत असेल तर गरज नाही. देत नसेल, तर आधी आपलं मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पाहा आणि वायफायची चिप कोणाची ते बघा. ब्रॉडकॉमची असेल तर मुक्त ड्रायव्हरअभावी वायफाय नीट चालत नाही, नादी लागू नका. आणि काय बदललं, कधी बदललं, ते वहीत तारखेसह लिहा. बाकीचे प्रश्न पुढच्या शनिवारी घेऊ.